हाताचा गुण

काकींनी रोपांना शेवटचा हात लावला त्याला किती वर्षं झाली, हे आता घरात कुणालाच नीट सांगता आलं नसतं. मुलगा तेव्हा शाळेत होता, आता त्याची बायको घरात वावरते, एवढंच. तेव्हापासून मागच्या दारातून हिरव्या जाळीच्या मांडवापर्यंतची वाट काकींची, आणि मांडवाच्या आतलं सगळं काकांचं. काकी दोन्ही तळव्यांत चहाचं भांडं धरून यायच्या, मांडवाबाहेरच्या दगडावर ते टेकवायच्या, "अहो, चहा" म्हणायच्या आणि मागे फिरायच्या. काका बाहेर येईपर्यंत त्या स्वयंपाकघरात पोचलेल्या असत.

काका रोपं विकत. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी. वाफ्यात बी पेरायचं, बोटभर रोप झालं की एकेक अलगद उपटून मातीच्या पिशवीत लावायचं आणि वीतभर झालं की विकायचं. हे उपटून लावणं काका स्वतः करत. चिमटीत रोप धरायचं, बोटानं मातीत भोक पाडायचं, मुळं आत सोडायची, अंगठ्यानं कडेची माती दाबायची. शंभरेक रोपं झाली की पाठ सरळ करायची, खिशातली पुडी काढायची, डाव्या तळहातावर तंबाखू घेऊन उजव्या अंगठ्यानं मळायची, दाढेखाली चिमूट सरकवायची, हात विजारीला पुसायचे आणि पुन्हा वाकायचं. त्यांच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणत. कुणाचा नवा मळा असला की पहिलं रोप काकांच्या हातून लावून घेत. काका आढेवेढे घेत, पण जात. कौतुक कुणाला कडू लागतं?

आणि काकींच्या हाताला गुण नाही, हेही लोकांना ठाऊक होतं, कारण ते काकांनीच सांगितलं होतं.

झालं होतं असं. काकींची बहीण आजारी पडली. काकी जाऊन राहिल्या, तिचं सगळं केलं, आणि ती गेल्यावर घरी परतल्या. रडून डोळे सुजलेले, पण हंगाम दारात उभा, म्हणून दुसऱ्याच दिवशी मांडवात बसून टोमॅटोची रोपं लावू लागल्या. तेव्हा त्यांची बोटं अशी चालत की काकाही मागे पडत. दोन आठवडेही झाले नसतील, रोपांची पानं बिघडली. कुठे गडद हिरवं, कुठे फिकं पिवळं, ठिगळं लावल्यासारखं. कोवळी पानं आखडून दोऱ्यासारखी झाली.

"आजारी माणसाचं करून आलीस," काका म्हणाले होते. "तेच हाताला चिकटून आलंय."

पुढच्या हंगामात काकींनी फक्त पिशव्या भरल्या, तरी रोपं बिघडली. त्याच्या पुढे फक्त पाणी घातलं, तरी बिघडली. मग त्यांनी मांडवात पाय टाकायचाच सोडला. तरीही एखाद्या वर्षी कमी, एखाद्या वर्षी जास्त, रोग यायचाच. मग काका आठवत बसत, हिनं झारी कधी उचलली, हिनं पोती कुठे वाळत घातली. खापर फोडायला कुणाचं तरी डोकं लागतं, आणि ते घरातच होतं.

सगळ्यात वाईट म्हणजे काकींना ते पटलं होतं. दारातल्या फुलझाडाला पाणी घालतानाही त्या लांबून तांब्या ओतायच्या, पानाला बोट लागू नये म्हणून. बाजारात भाजी घेताना दुकानदाराला म्हणायच्या, "तूच निवडून दे बाबा." लोकांना वाटे, बाई भोळी आहे.

या हंगामात वारा पेटल्यासारखा वाहत होता. मांडवाची जाळी दिवसभर फडफडायची आणि माती सकाळी भिजवली की दुपारी भेगाळायची. कामाला हात कमी पडू लागले, म्हणून सून मांडवात जाऊ लागली. पोरगी कामाची. गुडघे मोडून बसायची, गुणगुणत रोपं लावायची आणि काकांनी एकदा दाखवलेलं दुसऱ्यांदा विचारायची नाही. काकी मागच्या दारातून तिच्याकडे बघत राहायच्या. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी बघत राहायच्या.

मग एक दिवस एक मळेवाला आला. नेहमीचं गिऱ्हाईक. मोटारसायकलच्या मागे खोकं बांधलेलं, ते त्यानं सोडलं आणि काकांच्या पायाशी उलटं केलं. टोमॅटोची रोपं. आखडलेली, ठिगळाठिगळांची.

"काका, तुमच्या हाताला काय झालं?" तो म्हणाला. "सगळा मळा असा दिसतोय. लोक विचारतात, रोपं कुठून आणली. काय सांगू?"

"हवा खराब आहे," काका म्हणाले.

"हवा शेजारच्या मळ्यातही तीच आहे. त्याची रोपं दुसरीकडची. टवटवीत आहेत."

तो गेला. रोपं तिथेच पडली. काकांनी पायानं ती मांडवाच्या कुडाकडे सारली. आत सून नवी रोपं लावत होती. काका आत गेले.

"ऊठ," ते म्हणाले.

"एवढी ओळ झाली की उठते, बाबा."

"आत्ता ऊठ. उद्यापासून आत यायचं नाही. या घरातल्या बायकांच्या हातांना काय शाप आहे कळत नाही."

दोन मजूर बाया शेजारच्या ओळीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचे हात थांबले. सून उठली. हातातलं रोप कुठे ठेवावं हे तिला कळेना. शेवटी तिनं ते वाफ्याच्या कडेला, एखादं झोपलेलं मूल ठेवावं तसं ठेवलं आणि बाहेर आली.

स्वयंपाकघरात येऊन ती पाटावर बसली. रडली नाही. दोन्ही हात उताणे करून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. मग उलटे केले, पुन्हा उताणे केले. हे बघणं काकींना ओळखीचं होतं. अस्संच त्यांनी बघितलं होतं, याच पाटावर बसून.

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही," काकी म्हणाल्या.

"मग रोपं का मेली, आई?"

इतकी वर्षं काकींनी हा प्रश्न कुणाला विचारलाच नव्हता. जे सांगितलं, ते ऐकलं, आणि दारातून मागे फिरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका बाजाराला गेल्यावर काकी स्वयंपाकघरातला चिमटा घेऊन मांडवाच्या कुडापाशी गेल्या. पडलेल्या रोपांतली चारपाच पानं चिमट्यानं उचलली, ओल्या फडक्यात गुंडाळली, कोबीचंही एक चांगलं पान घेतलं आणि बस पकडली. शेतीखात्याच्या कचेरीत एक तरुण डॉक्टरीणबाई बसायची, रोगट पिकांना औषध सांगायची. लोक तिच्याकडे पोत्यानं पानं घेऊन जात. तिच्या टेबलावर कागदापेक्षा पाला जास्त.

काकींनी फडकं सोडलं आणि चिमट्यानं एकेक पान मांडलं. डॉक्टरीणबाईला हसू आलं.

"अहो, हातानं ठेवा ना. चावत नाही ते."

"माझा हात चांगला नाही," काकी म्हणाल्या. "मी हात लावला की रोपं मरतात."

डॉक्टरीणबाईचं हसू थांबलं. तिनं खुर्ची पुढे ओढून दिली. काकींच्या आधी आलेला एक माणूस वांग्याचा मलूल शेंडा घेऊन बसला होता. तिनं त्याचं आधी उरकायला घेतलं, पण बोलत राहिली ती काकींशीच.

"हे बघा. झाड आजारी पडायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. रोगाला बळी पडणारं झाड, रोग करणारा जीव आणि त्या जिवाला मानवणारी हवा. एक जरी नसली तरी रोग होत नाही. आता यांचं वांगं." तिनं शेंड्याचा तुकडा कापला आणि काचेच्या ग्लासातल्या पाण्यात लटकवला. थोड्या वेळानं देठातून पांढरा धुरासारखा धागा पाण्यात उतरू लागला. "हे जिवाणू. देठात भरलेत, पाणी वर चढू देत नाहीत, म्हणून झाड बसलं." तिनं खणातून दुसरं वाळकं पान काढलं. त्यावर वर्तुळात वर्तुळ असे डाग होते. "ही बुरशी. ओल धरून वाढते. आणि हे तिसरं पिवळं पान, शिरा हिरव्या आणि मध्ये पिवळं. याला रोगच नाही. उपाशी आहे ते. जमिनीत अन्न कमी पडलं."

"आणि आमचं?" काकींनी विचारलं.

तिनं टोमॅटोचं पान उजेडाकडे धरलं. "हा विषाणू. बुरशीहून, जिवाणूहून बारीक. तो स्वतः चालत येत नाही, त्याला कुणीतरी आणावं लागतं. कोबीलाही होतं का असं?"

"नाही. कोबी कधीच नाही. टोमॅटो, मिरची, कधी वांगी."

"तुम्ही कोबीला हात लावायचात?"

"तेव्हा सगळ्यांनाच लावायची."

"मग तुमचा हात वाईट असता तर त्यानं कोबीला का सोडलं असतं?"

इतकं साधं होतं ते. इतक्या वर्षांत एकदाही कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"टोमॅटो, मिरची, वांगी ही एका घरातली भावंडं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "त्यांचं आणखी एक भावंड आहे, तंबाखू. हा रोग मुळात त्याचा. पान वाळवलं, कुटलं, पुडीत भरलं तरी तो आत जिवंत असतो. कुणी तंबाखू मळली आणि त्याच बोटांनी कोवळं रोप धरलं, की लागला. एका रोपाचा बोटांवरून दुसऱ्याला. रोपं कोण लावतं तुमच्याकडे?"

काकी फडक्याच्या घड्या घालू लागल्या. डॉक्टरीणबाईनं ओळखलं असावं. ती हळू आवाजात म्हणाली, "साबणानं खसखसून हात धुवायचे. रोपं लावताना मधूनमधून दुधात बोटं बुडवायची, त्यानंही अटकाव होतो. रोगट रोपं उपटून पुरून टाका. जुन्या पिशव्या वापरू नका. आणि तुमच्या हाताला काहीही झालेलं नाही, बरं का."

बसमध्ये काकींनी दोन्ही हात मांडीवर मोकळे ठेवले. एरवी ते पिशवीखाली झाकलेले असत. एकदा तरी, त्यांच्या मनात आलं, एकदा तरी मी रोप लावणार. मातीत बोट घालणार. डोळ्यांना धार लागली. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुणी गेलं का?" काकींनी मान हलवली. पण हो की नाही, ते त्यांनाही कळलं नाही.

आणि मग अर्ध्या वाटेत त्यांना ती पुडी आठवली. बहिणीकडून परतताना मेहुण्यांच्या फडताळातून त्यांनी एक पुडी मागून घेतली होती. काकांची दाढ ठणकत होती, आणि मेहुणे म्हणत, चिमूटभर धरली की दुखणं बधिर होतं. त्याआधी काका तंबाखूला शिवत नव्हते. दाढ पुढे काढली, चिमूट राहिली.

म्हणजे काका अगदीच खोटं बोलले नव्हते. आजाऱ्याच्या घरून रोग आला होता खरा, काकींनीच आणला होता, फक्त हातावर नव्हे, पिशवीत. आणि लावला होता दुसऱ्याच हातांनी.

संध्याकाळी काकींनी मुलाला आणि सुनेला बोलावून सगळं सांगितलं. पुडी कुठून आली, तेवढं सोडून. "मी नाही सांगणार बाबांना," मुलगा म्हणाला. "त्यांच्यासमोर माझी जीभ उचलायची नाही." काकी म्हणाल्या, "तुला कोण सांगतंय?"

काका ओट्यावर बसून पायाची माती काढत होते. काकी समोर उभ्या राहिल्या आणि सांगून टाकलं. काका आधी हसले. मग हसायचे थांबले.

"माझ्या हाताचा गुण सगळं गाव सांगतं," ते म्हणाले. "आणि तू एका पोरीचं ऐकून येतेस?"

"लावून बघा," काकी म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्या काकांना काही करा म्हणाल्या नव्हत्या. "नव्या पिशव्या. काही रोपं सून लावील, हात धुऊन. काही तुम्ही लावा, रोज लावता तशी. मांडवाची दोन टोकं. मग बघू."

"बघू!" काका म्हणाले, आणि त्यांनी मुद्दाम पुडी काढली, मळली आणि दाढेखाली ठेवली.

दोन्ही लावण्या झाल्या. सुनेच्या शेजारी दुधाची वाटी होती. काका रोज पहाटे उठून आधी आपल्या टोकाला जात, मग सुनेच्या. घरात कुणी विषय काढत नव्हतं. काकींना रात्री झोप लागेना. खरं सांगायचं तर काय व्हावं, हेच त्यांना ठरवता येत नव्हतं. सुनेची रोपं मेली तर पोरगी गेली. काकांची मेली तर काका.

दुसरा आठवडा सरत आला तेव्हा एका सकाळी काका चहाला बाहेर आले नाहीत. दगडावरचा चहा निवला, त्यावर साय धरली. शेवटी काकी मांडवाच्या दारातून डोकावल्या. काका आपल्या रोपांसमोर उकिडवे बसले होते. पानांवर ठिगळं उमटली होती, कोवळे शेंडे आखडले होते. पलीकडच्या टोकाला सुनेची रोपं वाऱ्यावर डुलत होती, स्वच्छ हिरवी.

काका उठले आणि आपली रोपं उपटू लागले. मग सुनेची तेवढी सोडून मांडवातली बाकीची, विकायला ठेवलेली, गिऱ्हाइकांनी सांगून ठेवलेली टोमॅटो आणि मिरचीही, सगळी. मुलगा धावत आला, त्यानं अडवलं तरी ते थांबले नाहीत. मांडवामागे खड्डा खणला, रोपं त्यात लोटली, वर पुडी टाकली आणि माती ओढली. मग मोरीवर जाऊन साबणानं हात घासू लागले. घासतच राहिले. काकींनी पाणी बंद केलं तेव्हा त्यांची कातडी लाल झाली होती.

"सगळ्यांसमोर बोललो तुला," काका म्हणाले. "बाजारात. पाहुण्यांत. माझ्या तोंडानं."

"पुडी मीच आणली होती," काकी म्हणाल्या. "बहिणीकडून. तुमची दाढ दुखत होती म्हणून."

हे ऐकून काका मोरीच्या कठड्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. काकींना वाटलं होतं, पुडीचं सांगितलं की त्यांचा भार हलका होईल. तो दुप्पट झाला. दाढ दुखत होती म्हणून जिनं आठवणीनं पुडी आणली, तिलाच त्यांनी दाराबाहेर उभं केलं होतं.

त्यानंतर काका बदलले म्हणतात, तसं काही झालं नाही. तोंड तसंच तिखट राहिलं. फक्त मांडवाच्या दारात साबण आणि बादली आली, आणि काका कुणी बोलावलं तरी पहिलं रोप लावायला जाईनासे झाले. नवं बी पेरलं. रोपं बोटभर झाली तशी एका सकाळी काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"चल," ते म्हणाले. "पहिलं रोप तू लावायचं."

"मी? आता कशाला?"

"चल म्हणतो ना."

मुलगा, सून, मजूर बाया, सगळे मांडवात जमले होते. काकांनी स्वतः पाटावरचं पोतं झटकून काकींना बसायला दिलं. सुनेनं दुधाची वाटी पुढे केली. काकींनी उंबरा ओलांडला तेव्हा ओल्या मातीचा वास आला. त्या बसल्या. वाटीत बोटं बुडवली. दूध बोटांवरून मनगटाकडे ओघळलं.

मग त्यांनी वाफ्यातल्या एका रोपाला हात घातला.

बोटं जुळली नाहीत. अंगठा एका बाजूला, तर्जनी दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये रोप तसंच उभं. सांधे सुजून कधीचेच वाकडे झाले होते. तांब्या, भांडं, चिमटा, सगळं त्या मुठीनं किंवा दोन्ही तळव्यांनी धरत. एवढी नाजूक चिमटी त्यांनी इतक्या वर्षांत केलीच नव्हती, म्हणून ती गेलीय हे त्यांनाही कळलं नव्हतं. त्यांनी दोन बोटांच्या कडांमध्ये रोप पकडून ओढलं. ते मुळापाशी तुटलं. दुसरं चिरडलं. तिसऱ्याला त्यांनी फार जपून हात लावला, श्वास रोखून, आणि ते देठातच मोडलं.

जाळी फडफडत होती. काका काकींच्या हातांकडे बघत होते. चहाचं भांडं दगडावर ठेवून मागे फिरणारे हात त्यांनी कधी जवळून पाहिलेच नव्हते.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"झाली की बरीच वर्षं," काकी म्हणाल्या.

सून घाईनं पुढे सरकली. "आई, मी लावते, तुम्ही नुसता माझ्या मनगटाला हात लावा. म्हणजे तुमच्याच हातचं झालं."

"नको," काकी म्हणाल्या. "ज्यानं लावलं त्याच्याच हातचं म्हणायचं. नाहीतर पुन्हा तेच होतं."

त्या उठल्या. सून खाली बसली, तिनं बोटं दुधात बुडवली आणि एक रोप अलगद उपटून पिशवीत लावलं. मग दुसरं. मजूर बायाही आपापल्या ओळीत गेल्या. काका मात्र तिथेच उभे होते. हात धुतलेले, पण कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारखे.

काकींनी खाली पडलेली तीन रोपं उचलून तळव्यात घेतली आणि घराकडे निघाल्या. रोगट रोपं पुरून टाकायची, असं डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं. ही तर निरोगी होती. मागच्या दाराशी पोचल्यावर त्या थांबल्या. यांचं काय करायचं, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.